विहिरीला हात लावू नये

भुईगावच्या जुन्या जकात कोठीचं पुरातत्त्व संग्रहालय होऊन आठ महिने झाले, तरी गावातल्या एकाही माणसानं आत पाऊल टाकलं नव्हतं. याला अनास्था म्हणता येणार नाही. येता-जाता, दिवसातून चार वेळा, गाव कोठीकडे नेमानं रागानं बघत असे.

कोठी पडकी होती तेव्हा ती गावाची होती. वखारीत पेंढा राहायचा, कचेरीत कुत्री व्यायची, तबेल्यात पत्त्यांचा डाव पडायचा. मग एका खात्याला ती ऐतिहासिक असल्याचं कळलं. चुन्यात गूळ आणि हिरडा कालवून, जुन्या पद्धतीनं तिन्ही इमारती उभ्या केल्या गेल्या. फाटक बसलं, फाटकावर पहारेकरी बसला, आणि गुळामुळे भिंतींना मुंग्याही बसल्या. आता शनिवार-रविवारी विरारच्या टॉवरांतली कुटुंबं आपल्या गाड्या अरुंद गल्लीत अडकवून आत जात, तोफेच्या गोळ्याशेजारी मुलांचे फोटो काढत आणि बाहेर आल्यावर दारात बसलेल्या बायकांना विचारत, "इथे जेवायला काय मिळतं?" बायका सांगत, "काही नाही." आत त्यांचे बोंबील तळून होत आलेले असत.

तिन्ही इमारतींच्या मधल्या चौकात एक विहीर होती. ती मात्र कधीच पडकी नव्हती. गल्लीतल्या पाच कॅथलिक घरांत लग्न निघालं की आदल्या दिवशी नवऱ्या मुलाला किंवा मुलीला न्हाऊ घालायचं पाणी याच विहिरीवरून वाजतगाजत यायचं. त्याला उंबराचं पाणी म्हणतात. मांडवात उंबराची फांदी, पुढे बँड, मागे बायका आणि गाणी. पाणी काढायचा मान आत्याचा. आत्या नसेल तर चुलत आत्या, तीही नसेल तर मग घरात आत्या का नाही याची चर्चा.

अँथनीच्या घरात आत्या होती, हीच अडचण होती. त्याच्या मुलाचं, जेसनचं, लग्न रविवारी होतं. आणि जेसनची आत्या तेरेसा, म्हणजे अँथनीची थोरली बहीण, अँथनीशी सहा वर्षं बोलत नव्हती. कारण छोटं होतं, म्हणूनच टिकाऊ होतं. आई गेली तेव्हा अँथनीनं कबरीवर संगमरवरी दगड बसवला आणि त्यावर आईच्या मुलांची नावं कोरून घेतली. तेरेसाचं नाव राहिलं. जागा पुरली नाही, असं अँथनीचं म्हणणं. दगडाच्या चारही कोपऱ्यांत गुलाब कोरायला जागा पुरली, असं तेरेसाचं.

तेरेसा आगाशीला दिलेली. वय अडुसष्ट, नवरा जाऊन बारा वर्षं, गुडघे अजून स्वतःचे. शुक्रवारी ती बसनं भुईगावला आली, अँथनीच्या फाटकावरून चालत पुढे गेली आणि शेजारच्या घरी उतरली. बोलणी जेसनमार्फत झाली.

"आत्या, पप्पा म्हणतात नळाचं पाणी घे. सगळे आता नळाचंच घेतात. बोअरिंगला त्यांनी हार पण घातलाय."

"पप्पाला सांग, बोअरिंगला हार घाल, नायतर चर्चमध्ये नेऊन तिचा बाप्तिस्मा कर. पानी मी विहिरीचं काढनार."

"तिथे म्युझियम झालंय ना पण."

"विहीर उचलून नेली काय त्यांनी?"

जेसन अंधेरीला एका बँकेत तक्रार निवारण विभागात होता. समोरच्याचं म्हणणं ऐकून घेऊन काहीही न करण्याचं रीतसर शिक्षण त्यानं घेतलेलं होतं. त्यानं ऐकून घेतलं.

शनिवारी दुपारी चार वाजता तेरेसा निघाली. तांबड्या लुगड्यांतल्या सतरा बायका, पितळी कळशी, सुपात तांदूळ आणि विडे, उंबराची फांदी, आणि पुढे केनीचा बँड. बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा केनी स्वतः, एक क्लॅरिनेट आणि एक ड्रम. एवढ्यावर वसईतली निम्मी लग्नं लागलेली आहेत.

फाटकावर संग्राम होता. सातारकडचा, कंत्राटी, आठ महिन्यांत गावातल्या कोणी त्याला चहा विचारलेला नव्हता. त्यानं आधी बँड थांबवला.

"वाद्यं आत न्यायची नाहीत."

"का?" केनी म्हणाला.

"कंपनं होतात. भिंती जुन्या आहेत."

"अरे, गेल्या वर्षीच बांधल्या ना तुम्ही?"

"जुन्या पद्धतीनं बांधल्यात."

मग फांदी अडली. वनस्पती आत नेली तर वाळवी लागते. सूप अडलं, खाद्यपदार्थ म्हणून. कळशी सामानघरात जमा करून तिला एकोणीस नंबरचं टोकन मिळालं. सतरा जणींनी तिकिटं काढली. आपल्या विहिरीवर जायला तिकीट काढताना त्या जे बोलल्या ते संग्रामला कळलं नाही, कारण गावची बोली त्याला येत नव्हती. सूर कळला.

"फांदी नाय, सूप नाय, कळशी नाय," एकजण म्हणाली. "तेरेसाबाय, पानी काय पदरात आनायचं?"

"आधी आत तर चला," तेरेसा म्हणाली.

पहिल्या दालनात दगड होते. प्रत्येकासमोर पाटी होती आणि प्रत्येक पाटीवर 'अंदाजे' होतं. दुसऱ्या दालनात स्थानिक समाजजीवन होतं, म्हणजे लुगडं नेसलेली एक प्लॅस्टिकची बाई डोक्यावर टोपली घेऊन उभी होती. लुगडं तिला नेसवणाऱ्यानं ते कुठेतरी चित्रात, तेही समोरूनच पाहिलं असावं. सतरा बायका तिच्याभोवती फिरल्या.

"चाललीस तर सुटंल गो तुझं," तेरेसा तिला म्हणाली.

तेवढ्यात उन्हाचा चष्मा केसांत खोचलेली एक बाई मुलाला घेऊन पुढे आली. "एक्सक्यूज मी, तुमचा शो किती वाजता असतो? याच्या स्कूलमध्ये फोक डान्सचा प्रोजेक्ट आहे."

"उद्या साडेनवाला," तेरेसा म्हणाली. "चर्चमध्ये. आहेर घेऊन या."

चौकात विहीर होती. तिच्या कठड्याचा दगड घासून इतका पांढरा केला होता की ती नुकतीच दवाखान्यातून आल्यासारखी दिसत होती. आत पाण्याखाली निळे दिवे. भोवती पितळी खांब आणि त्यांना अडकवलेला तांबडा गोंडेदार दोर. एका खांबावर पाटी: 'विहिरीला हात लावू नये.' दुसऱ्यावर मोठी पाटी. तेरेसानं चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, कारण निम्म्या जणींनी चष्मे घरी ठेवले होते.

"वस्तू क्रमांक एक्केचाळीस. विहीर. अंदाजे सतरावं शतक. परिसरातील ख्रिस्ती कुटुंबे विवाहप्रसंगी येथून समारंभपूर्वक पाणी नेत असत. ही प्रथा आता नामशेष झाली आहे."

नामशेष झालेल्या सतरा जणी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"नामशेष म्हनजे संपली ना?" एकीनं खात्री करून घेतली.

"संपली," तेरेसा म्हणाली. "बोलवा कोन आहे त्याला."

बोलवावं लागलं नाही. संग्रामनं फोन केला होताच. संग्रहालयाच्या अधिकारी विनया मॅडम कचेरीतून आल्या. पुण्यात शिकलेल्या, विहिरींवरच डॉक्टरेट केलेल्या, आणि आठ महिने या गावाला व्याख्यानांची निमंत्रणं पाठवून एकदाही कोणी न आल्यामुळे मनातून कडवट झालेल्या. गाव पहिल्यांदाच आलं होतं, आणि तेही पाणी मागायला.

"मला तुमच्या भावना समजतात," त्या म्हणाल्या. हे वाक्य ज्यांना म्हणावं लागतं त्यांना भावना समजलेल्या नसतात, हे सतराही जणींना ठाऊक होतं. "पण ही आता संरक्षित वस्तू आहे. तिच्यातून पाणी काढता येणार नाही."

"विहीर आहे ती. तिच्यातून अजून काय काढनार, फोटो?"

"तुम्ही अर्ज करा. मुख्यालयात जाईल. पंचेचाळीस दिवसांत उत्तर येतं."

"लग्न उद्या आहे."

"अर्ज आधी करायला हवा होता."

"तुम्ही आधी विचारायला हवं होतं. हे कोनी लिवलं, प्रथा संपली म्हनून? चार मानसं येऊन बोलली काय आमच्याशी?"

विनया मॅडम दुखावल्या. अज्ञानाचा आरोप त्यांनी सहन केला असता, पण कामात कसूर केल्याचा नाही. "आम्ही ऐकीव काही लिहीत नाही, आजी. प्रत्येक वाक्याला आधार आहे. स्थानिक माहितगाराचं सही केलेलं निवेदन आहे माझ्याकडे." आणि ते सिद्ध करण्यासाठी त्यांनी फाइल मागवली. पाटीच्या बाजूनं पुरावा सादर करण्याची संधी त्यांना या नोकरीत प्रथमच मिळत होती.

फाइलमधला कागद तेरेसानं हातात घेतला. हा तिनं मोठ्यानं वाचला नाही. मग दुसऱ्यांदा वाचला आणि कागद विनया मॅडमना परत देऊन म्हणाली, "तुम्ही वाचा. सगळ्यांना ऐकू द्या."

मॅडमनी वाचलं. "सदर विहिरीवरून विवाहासाठी पाणी नेण्याची प्रथा आमच्या कुटुंबात होती. ती बंद पडली आहे. ती करणारं आता कोणी उरलेलं नाही. सही, अँथनी."

चौकातल्या उन्हात सोळा बायका तेरेसाकडे बघायचं टाळू लागल्या.

"कोनी उरलेलं नाय," तेरेसा म्हणाली. "म्हनजे मी मेले. सरकारदरबारी नोंद आहे." मग तिनं फाटकाच्या दिशेनं आवाज दिला, "केनी! फोन कर माझ्या भावाला. म्हनावं, मयताला ये."

अँथनी पाच मिनिटांत स्कूटरवरून आला. अंगात लग्नाचा नवा शर्ट होता, त्याच्या कॉलरमधली टाचणी काढायची राहिली होती. गल्लीतली आणखी वीसेक माणसं त्याच्यामागोमाग फाटकाशी जमली. संग्रामनं त्यांच्याकडे तिकिटं मागितली नाहीत. आठ महिन्यांत तो एवढं शिकला होता.

"बाय," अँथनी म्हणाला. सहा वर्षांतला हा पहिला शब्द.

"कोन बाय? उरली नाय ती."

"तसं नाय बाय. ते लोक फॉर्म घेऊन आलते. घाईत होते. फॉर्मात एकच ओळ होती लिवायला."

"तुला जागा नेहमी कमीच पडते."

मागे कोणीतरी हसलं. अँथनीनं मान वळवून बघितलं, कोण हसलं ते कळलं नाही, म्हणून तो सगळ्यांवरच चिडला. "मग काय सांगायचं होतं मी? बहीन आहे, पन बोलत नाय? पानी तिनं काढायचं, पन ती दारात येत नाय? परक्या मानसाला हे सांगू? त्यानं ते छापलं असतं!"

विनया मॅडमनी हे टिपून घ्यावं की नाही याचा क्षणभर विचार केला.

"मी मेले हे छापलं, ते चाललं तुला," तेरेसा म्हणाली.

"नळाचं पानी घे म्हनून मी चार वेळा निरोप धाडला. तुझी विनाकारन शोभा होऊ नये म्हनून. आता झाली ना?"

"शोभा?" तेरेसा म्हणाली आणि वळली.

चौकाच्या कोपऱ्यात, नियमाप्रमाणे, वाळू भरलेल्या तांबड्या बादल्या टांगलेल्या होत्या. तिनं त्यातली एक काढली आणि वाळू फरशीवर उपडी केली. "आजी, ती आगीसाठी आहे!" विनया मॅडम ओरडल्या. "आगच लागलीय," एकजण म्हणाली. दोघींनी पितळी खांबांचा गोंडेदार दोर सोडला. तेरेसानं तो बादलीच्या कडीला बांधला. गाठ मारताना तिचे हात घाई करत नव्हते. संग्राम दोन पावलं पुढे आला आणि तांबड्या लुगड्यांच्या रांगेपुढे थांबला. त्याचं कंत्राट वस्तूंच्या संरक्षणाचं होतं. स्वतःच्या संरक्षणाचा उल्लेख त्यात नव्हता.

तेरेसानं बादली विहिरीत सोडली.

ही विहीर पाच पुरुष खोल होती. गल्लीतल्या प्रत्येक मुलाला लहानपणी हे सांगून घाबरवलेलं होतं. बादली पाण्यात दोन हात खाली गेली आणि ठक्कन वाजली.

तेरेसानं दोर वर घेतला, परत सोडला. ठक्.

सगळ्या बायका कठड्यावर वाकल्या. निळ्या दिव्यांच्या उजेडात, कमरेएवढ्या पाण्याखाली, सिमेंटची सपाट, स्वच्छ, राखाडी लादी दिसत होती. तिच्यावर काही नाणी पडली होती. विरारकर मंडळी नवस बोलून गेली असावीत.

"मॅडम," तेरेसानं विचारलं, "विहीर कुठे गेली?"

"सुरक्षेच्या दृष्टीनं तळ वर घेण्यात आलेला आहे," विनया मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा मात्र हे वाक्य म्हणायला तयार नव्हता. विहिरींवर डॉक्टरेट केलेल्या बाईला सिमेंटच्या टाकीची राखण करावी लागत होती आणि गेले आठ महिने ती हे कोणाला बोलली नव्हती. "मी रुजू व्हायच्या आधीच झालं ते. पाणी आटलंच होतं म्हणे."

"मग हे पानी कसलं?"

उत्तर संग्रामनं दिलं. आठ महिन्यांत गावाला हवी असलेली माहिती त्याच्याकडे असण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि माणूस अशा वेळी खरं बोलून जातो. "टँकरचं आहे काकू. दर गुरुवारी येतो."

"कुठून?"

संग्रामनं मानेनंच अँथनीकडे दाखवलं. "यांच्याच बोअरिंगवर भरतो की."

फाटकातली गर्दी आता निवांतपणे हसली. या गल्लीतल्या विहिरी कोणाच्या बोअरिंगमुळे आटल्या यावर ग्रामसभेत तीन वर्षं भांडण चाललं होतं, आणि अँथनी तीन वर्षं पुरावा मागत होता. उन्हाचा चष्मा लावलेली बाई मोबाइलवर हे सगळं घेत होती. तिच्या मुलाचा प्रोजेक्ट चांगला होणार होता.

"बघ," अँथनी म्हणाला. घामानं त्याचा नवा शर्ट पाठीला चिकटला होता. "मी काय म्हनत होतो? पानी तेच आहे. नळाला पन तेच, इथे पन तेच. उगा बँड घेऊन आलीस. चल आता घरी, नळाखाली कळशी लाव, आन मोकळी हो."

तेरेसानं पाण्याकडे बघितलं. सोळा जणी ती काय म्हणते याची वाट बघत होत्या. त्यातल्या दोघींच्या घरात पुढल्या मे महिन्यात लग्नं होती.

"माझ्या लग्नात या विहिरीत बेडूक मरून पडला होता," ती म्हणाली. "सगळ्यांनी बघितला. आमच्या आत्यानं तो बाजूला सारला आन तेच पानी काढलं. पानी कसं आहे हे आपल्यात कोनी कधी विचारलं नाय. कोनी काढलं, ते विचारतात."

तिनं बादली तिसऱ्यांदा सोडली, तिरकी करून, लादीला न लागू देता भरली आणि वर घेतली. कोणीतरी गाणं सुरू केलं. या गाण्यांत आत्याच्या भावाला नावं ठेवायची कडवी असतातच. तेरेसानं जागच्या जागी तीन नवी रचली, त्यातल्या एकात बोअरिंग आलं आणि दुसऱ्यात नव्या शर्टाची टाचणी. वाद्यं आत न्यायला बंदी होती, म्हणून केनीनं फाटकाबाहेर, पण तोंड आत करून ट्रम्पेट फुंकला. भिंतीतून काही मुंग्या खाली पडल्या. इतर नुकसान झालं नाही.

साडेपाचला संग्रहालय बंद होतं. टोकन नंबर एकोणीस देऊन कळशी सोडवली, बादलीतलं पाणी कळशीत ओतलं, आणि फाटकाशी विनया मॅडम आडव्या आल्या. मोबाइलवाली बाई, रिकामे खांब, फरशीवरची वाळू, हे सगळं त्यांना उद्या वर कळवायचं होतं. कुठे तरी एक नियम शाबूत राहायला हवा होता.

"संग्रहातली कुठलीही वस्तू बाहेर नेताना गेट पास लागतो. पाणी वस्तू क्रमांक एक्केचाळीसमध्ये येतं."

"द्या मग."

"कारण लिहावं लागेल. आणि 'लग्न' लिहून चालणार नाही. प्रथा बंद असल्याचं निवेदन आमच्या फाइलला आहे. बंद प्रथेसाठी मी पाणी देऊ शकत नाही." त्या अँथनीकडे वळल्या. "ज्यांनी ते दिलं, त्यांनाच लिहून द्यावं लागेल, की प्रथा चालू आहे आणि कोण करतं."

तेरेसानं पहिल्यांदाच या बाईकडे नीट बघितलं. बाई अगदीच वाया गेलेली नव्हती.

अँथनीनं पेन घेतलं नाही. "उशीर होतोय," तो म्हणाला. "तिकडे जेसनला पाटावर बसवलाय. तेल लावून झालं त्याचं."

"बसू दे," तेरेसा म्हणाली. कळशी तिनं कमरेवर घेतली होती. "मी उभी आहे ना, तो बसू दे."

"बाय, गाव बघतंय."

"दगड बसवलास तेव्हा पन गाव बघत होतं."

केनीनं ट्रम्पेटमधली थुंकी झटकली आणि थांबून राहिला. कोणी हलेना. गल्लीत एका गाडीनं हॉर्न दिला, तिलाही कोणी जागा दिली नाही. शेवटी अँथनीनं गेट पासचं पुस्तक संग्रामच्या टेबलावर उघडलं आणि उभ्यानंच लिहिलं. लिहून पुस्तक तेरेसाकडे न बघता तिच्यासमोर सरकवलं.

तिनं चष्मा लावला. 'प्रथा चालू आहे. पाणी काढणार: तेरेसा, माझी मोठी बहीण.'

"अजून एक शब्द," ती म्हणाली.

"आता काय?"

"हयात लिही."

"अगं, पानी काढतेय म्हनजे हयातच असनार ना!"

"तू लिवून दिलंस की मी नाय. आता लिवून दे की आहे."

अँथनीनं बहिणीच्या नावापुढे 'हयात' लिहिलं, पेन टेबलावर आपटलं आणि सही केली. संग्रामनं शिक्का मारला, कागद फाडून तेरेसाला दिला. तिनं तो चार घड्या घालून पदराच्या टोकाला बांधला, कळशी डोक्यावर चढवली आणि बँडला हात केला.

"बाय," अँथनी मागून म्हणाला. आवाज जरा खाली आला होता. "आता घरात येशील ना?"

"पानी येईल," तेरेसा मागे न बघता म्हणाली. "माझं बघू."